न दिसलेला चेहरा लक्ष कसं ओढतो

प्रश्न असा आलाय: समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव इतका झटकन येऊन गेला की आपल्याला तो दिसल्याचं कळलंसुद्धा नाही, तरी आपलं लक्ष त्या बाजूला खेचलं जातं का? आणि ज्यांना एन्झायटी आहे त्यांच्यात हे जास्त होतं का? सोबत असंही लिहिलंय की "मेंदूला आपल्या आधीच सगळं कळतं" असं एका व्हिडिओत ऐकलं, ते कितपत खरं.

मी गेली बारा-तेरा वर्षं हेच काम करतोय, म्हणजे अंधाऱ्या खोलीत लोकांना हनुवटी टेकवून बसवायचं, स्क्रीनवर चेहरे चमकवायचे आणि कळ दाबायला किती वेळ लागला ते मोजायचं. ऐकायला भारी वाटतं, करायला भयंकर कंटाळवाणं आहे. तर आधी मत सांगून टाकतो, मग ते का ते सांगतो. ओढ खरी आहे, पण बारीक आहे, सगळ्या भावांपैकी भेदरलेल्या चेहऱ्यापुरतीच ती नीट टिकते, आणि "दिसलाच नाही" या दोन शब्दांवर लोक जेवढा भरवसा टाकतात तेवढा टाकू नये. सगळी मेख तिथेच आहे.

एक ट्रायल कशी असते ते डोळ्यासमोर आणा. करडा स्क्रीन, मधोमध एक अधिकचं चिन्ह, तुम्हाला सांगितलेलं असतं की नजर तिथून हलवायची नाही. साधारण अर्ध्या सेकंदाने चिन्हाच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन चेहरे येतात, एक भेदरलेला, एक निर्विकार. ते ३३ मिलिसेकंद राहतात आणि लगेच त्याच जागी दुसरे दोन निर्विकार चेहरे येतात, याला मास्क म्हणतात, कारण नंतर आलेलं चित्र आधीचं झाकून टाकतं, तुम्हाला वाटतं की आपण फक्त दुसरेच दोन चेहरे बघितले. मग चेहरे जातात आणि एका बाजूला छोटासा ठिपका येतो. डावीकडे आला तर डावी कळ, उजवीकडे आला तर उजवी. बस्स. असं शेकडो वेळा. आता जर भेदरलेला चेहरा डावीकडे होता आणि ठिपकाही डावीकडे आला आणि तुमचं बोट थोडं लवकर पडलं, उलट ठिपका दुसऱ्या बाजूला आला तेव्हा थोडं उशिरा पडलं, तर अर्थ असा की ठिपका यायच्या आधीच तुमचं लक्ष डावीकडे सरकून बसलं होतं.

इथे एक गोष्ट लोकांच्या डोक्यात गोंधळ करते. नजर आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायला साधारण २०० मिलिसेकंद घेतो, आणि इथे चेहरे त्याच्या आतच येऊन गेलेले असतात. म्हणजे डोळे मधल्या चिन्हावरच असतात आणि लक्ष मात्र बाजूला गेलेलं असतं, वर्गात फळ्याकडे बघत खिडकीबाहेरचं ऐकणाऱ्या पोरासारखं. आपण मोजतो ती ही चोरटी हालचाल.

याला डॉट प्रोब म्हणतात आणि याची सुरुवात मॅक्लाउड, मॅथ्यूज आणि टाटा या तिघांनी १९८६ साली केली, तेव्हा चेहरे नव्हतेच, शब्द होते, धमकीवजा शब्द आणि साधे शब्द, आणि ते चांगले वाचता येतील इतका वेळ दाखवले होते. एन्झायटी असलेल्या लोकांचं लक्ष धमकीच्या शब्दाकडे जातं असं दिसलं. पुढे मॉग आणि ब्रॅडली यांनी १९९९ मध्ये चेहरे घेतले आणि वेळ १४ मिलिसेकंदांपर्यंत खाली आणली, वरून मास्क, आणि तरीही रागावलेल्या चेहऱ्याकडे ओढ दिसली. कार्लसन आणि राइन्की यांनी २००८ मध्ये ३३ मिलिसेकंदांच्या भेदरलेल्या चेहऱ्यांवर हेच दाखवलं.

हे १४, १७, ३३ असले विचित्र आकडे बघून लोकांना वाटतं की यात मेंदूचं काहीतरी गूढ गणित आहे. काही नाही हो, ते मॉनिटरचं गणित आहे. साधा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक फ्रेम पावणेसतरा मिलिसेकंदांची, दोन फ्रेम ३३ च्या. ७० वेळा बदलणारा असेल तर एक फ्रेम १४ ची. तुम्ही कितीही हुशार असा, २० मिलिसेकंद दाखवायचे म्हटलं तर ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ते जमणारच नाही, एक फ्रेम घ्या नाहीतर दोन.

आणि इथेच मी सुरुवातीच्या वर्षांत तोंडावर आपटलो होतो. एक फ्रेमचा प्रयोग होता, रिझल्ट झकास येत होता, मी खूश. मग एक मुलगी प्रयोग संपल्यावर सहज म्हणाली की मध्ये मध्ये एक बाई डोळे विस्फारून बघत होती ती कोण? मी गारच. तिला काहीच दिसायला नको होतं. शेवटी स्क्रीनला फोटोडायोड चिकटवून बघितलं, म्हणजे प्रकाश किती वेळ होता ते थेट मोजणारा छोटा सेन्सर, तर कळलं की कॉम्प्युटर मागे स्वतःचं काहीतरी अपडेट करत बसला की अधूनमधून एक फ्रेम सुटायची आणि चेहरा एकाच्या जागी दोन-तीन फ्रेम राहायचा. प्रोग्राम मात्र बिनधास्त १७ लिहून मोकळा व्हायचा. चार महिन्यांचा डेटा गेला कचऱ्यात. तेव्हापासून कोणी "आम्ही इतके मिलिसेकंद दाखवलं" असं म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, मोजलं का? की प्रोग्रामने सांगितलं म्हणून मानलं?

बरं, आता मेंदूत काय होतं. १९९८ हे साल या विषयात मोठं आहे. व्हेलन आणि त्याच्या साथीदारांनी एफएमआरआय मशीनमध्ये, म्हणजे मेंदूचा कोणता भाग किती चालतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये, माणसं झोपवून ३३ मिलिसेकंद भेदरलेले किंवा हसरे चेहरे दाखवले, वर लगेच १६७ मिलिसेकंदांचा निर्विकार चेहरा. दहापैकी आठ जण म्हणाले की आम्ही फक्त निर्विकार चेहरेच बघितले. तरी भेदरलेल्या चेहऱ्यांच्या वेळी अमिग्डाला जास्त चालला. अमिग्डाला म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर असलेली बदामाएवढी गाठ, दोन्ही बाजूंना एकेक. त्याच वर्षी मॉरिस, ओमान आणि डोलन यांनी रागावलेल्या चेहऱ्याला आधी नकोशा मोठ्या आवाजाची जोड दिली आणि मग तोच चेहरा मास्क करून दाखवला, तरी उजवा अमिग्डाला त्या चेहऱ्याला ओळखत होता, माणूस मात्र ओळखत नव्हता. याच्यावरून लोकांनी उचललं की मेंदूत एक गुप्त चौकीदार आहे जो मालक झोपला तरी जागा असतो. कल्पना इतकी गोड होती की ती सोडायला कोणाला नको वाटते, मलाही बरीच वर्षं नको वाटायची.

पण मला सगळ्यात आवडलेला प्रयोग २००४ चा, पुन्हा व्हेलनचाच. त्याने सगळा चेहराच काढून टाकला आणि काळ्या पार्श्वभूमीवर नुसतं डोळ्यांचं पांढरं ठेवलं, भेदरलेल्या डोळ्यांचं मोठं पांढरं आणि हसऱ्या डोळ्यांचं छोटं, तेही १७ मिलिसेकंद आणि मास्क करून. अमिग्डालाला तेवढं पुरलं. नाक नाही, तोंड नाही, भुवया नाहीत, नुसतं पांढरं. आपल्याकडे भीतीने "डोळे पांढरे झाले" म्हणतात ना, तो वाक्प्रचार मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण भेदरलेल्या चेहऱ्यात काय दिसतं ते त्यात नेमकं पकडलंय. वरची पापणी वर ओढली जाते आणि बुबुळाच्या वरही पांढरं दिसायला लागतं, आणि पांढऱ्याशेजारी गडद बुबुळ हा चेहऱ्यावरचा सगळ्यात झगझगीत कॉन्ट्रास्ट असतो. रागात उलटं होतं, भुवया खाली येतात, डोळे बारीक होतात, पांढरं झाकलं जातं. म्हणून रागावलेल्या चेहऱ्याचे रिझल्ट एका लॅबमध्ये येतात, दुसरीत येत नाहीत, आणि भेदरलेल्याचे त्यामानाने टिकतात, असं निदान मला तरी वाटतं.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल की इथे पाचर बसते. ओढ भीतीची की कॉन्ट्रास्टची? पांढऱ्या-काळ्याचा कोणताही ठळक ठिपका लक्ष ओढतो, त्याला भावनेची गरज नाही. मग भेदरलेला चेहरा "भीती" म्हणून ओढतो की फक्त जास्त ठळक चित्र म्हणून?

हे सोडवायला एक साधी युक्ती आहे, चेहरा उलटा करायचा. डोकं खाली, हनुवटी वर. कॉन्ट्रास्ट तोच राहतो, पांढरं तेवढंच राहतं, पण भाव वाचणं फार अवघड होतं. आणि दुसरी युक्ती निगेटिव्ह करायची, जुन्या फोटोच्या फिल्मसारखं, गडद ते फिकट आणि फिकट ते गडद. हे दोन्ही केल्यावर ओढ गेली पाहिजे, जर ती भावनेची असेल तर. ग्रे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमकं हे केलं, पण डॉट प्रोबने नाही, दुसऱ्या पद्धतीने, ती आधी सांगतो कारण ती भन्नाट आहे.

तिचं नाव कंटिन्युअस फ्लॅश सप्रेशन, त्सुचिया आणि कॉख यांनी २००५ मध्ये आणली. आरशांच्या एका साध्या जुगाडाने डाव्या डोळ्याला एक चित्र आणि उजव्या डोळ्याला दुसरं दाखवायचं. एका डोळ्याला रंगीबेरंगी चौकोनांची भगभगीत नक्षी, सेकंदाला साधारण दहा वेळा बदलणारी, आणि दुसऱ्या डोळ्याला शांतपणे एक चेहरा. मेंदू त्या नाचणाऱ्या चौकोनांना धरून बसतो आणि चेहरा गायब, काही सेकंद गायब. मी स्वतःवर पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा खात्रीच बसेना, एक डोळा झाकला की चेहरा समोर, दोन्ही उघडले की नाही. मास्किंगमध्ये तुमच्याकडे १७-३३ मिलिसेकंद असतात, इथे सेकंदच्या सेकंद मिळतात, त्यामुळे सगळे यावर तुटून पडले. मग चेहरा हळूहळू ठळक करत न्यायचा आणि तो चौकोन फोडून बाहेर कधी दिसायला लागतो ते मोजायचं. यांग, झाल्ड आणि ब्लेक यांनी २००७ मध्ये दाखवलं की भेदरलेला चेहरा निर्विकार आणि हसऱ्या चेहऱ्यापेक्षा लवकर फुटून बाहेर येतो. सगळे म्हणाले, झालं, सिद्ध झालं.

आणि मग ग्रे यांनी चेहरे उलटे केले, निगेटिव्ह केले, आणि भेदरलेल्याची आघाडी काही हलेना. भाव वाचता येत नाही तरी आघाडी तशीच. म्हणजे ती आघाडी चित्राच्या ठळकपणाची होती, निदान या पद्धतीत तरी. मला तो पेपर वाचून दोन दिवस वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पण थांबा, इतक्यात भावनेला हद्दपार करू नका. समजा निसर्गानेच भीतीचा चेहरा असा घडवला असेल की तो लांबून, अंधुक उजेडात, डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसावा, तर "कॉन्ट्रास्ट की भावना" हा प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातोय. ठळकपणा हाच तिचा निरोप पोचवायचा मार्ग. हे माझं मत आहे, याच्यावर भांडणारे सहकारी आहेत आणि ते मूर्ख नाहीत.

अदृश्य चित्राने लक्ष हलतं का, याचा मला सगळ्यात पटणारा पुरावा चेहऱ्यांचा नाहीच. जियांग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याच चौकोनांच्या पद्धतीने नग्न चित्रं अदृश्य केली आणि पुढचं काम चित्राच्या बाजूला आलं की दुसऱ्या बाजूला आलं यावरून लक्ष मोजलं. बघणाऱ्याला काही दिसत नव्हतं, डावीकडे आहे की उजवीकडे हेसुद्धा सांगता येत नव्हतं, तरी लक्ष सरकत होतं, आणि कोणाचं कुठे सरकतं ते त्या माणसाचं लिंग आणि लैंगिक ओढ यावर अवलंबून होतं. नुसता कॉन्ट्रास्ट असता तर सगळ्यांचं एकाच बाजूला सरकलं असतं.

आता रस्त्याबद्दल, कारण व्हिडिओत "मेंदूला आधीच कळतं" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हाच रस्ता असतो. डोळ्यातून निघालेली माहिती बहुतेक डोक्याच्या मागच्या बाजूला, व्हिज्युअल कॉर्टेक्सला जाते आणि तिथून पुढे. पण एक आडवाट सांगतात, सुपीरियर कॉलिक्युलसमधून पल्व्हिनार (हे दोन्ही मेंदूच्या आत खोलवरचे भाग) आणि तिथून थेट अमिग्डाला. जाडीभरडी, अंधुक माहिती नेणारी पण झटपट. या वाटेच्या बाजूने सगळ्यात जोरदार साक्ष टी. एन. या रुग्णाची. दोन स्ट्रोकमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंचा व्हिज्युअल कॉर्टेक्स गेला, डोळे ठीक पण तो आंधळा. त्याला आकार विचारले तर नुसते अंदाजपंचे, स्त्री की पुरुष विचारलं तरी तेच. पण रागावलेला की हसरा विचारलं तर अंदाज नशिबापेक्षा बरे यायचे आणि उजवा अमिग्डाला चालायचा, हे पेन्या आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये छापलं. हाच माणूस २००८ मध्ये डी गेल्डर यांच्या टीमपुढे खोके-डबे मांडलेल्या कॉरिडॉरमधून काठीशिवाय, काही न धडकता चालत गेला आणि वर म्हणाला की मला काही दिसलं नाही. त्याचं व्हिडिओ फुटेज बघताना अंगावर काटा येतो.

म्हणजे अमिग्डालाच सगळं करतो? इथे एस. एम. येते. या बाईचे दोन्ही अमिग्डाला एका दुर्मिळ आजाराने निकामी झाले. १९९४ मध्ये अॅडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही. मग २००५ मध्ये लक्षात आलं की ती लोकांच्या डोळ्यांकडे बघतच नाही, आणि तिला नुसतं "डोळ्यांकडे बघा" म्हटलं की भीती ओळखता येते, सूचना थांबली की पुन्हा जैसे थे. याचा अर्थ अमिग्डालाचं एक काम लक्षाला योग्य जागी नेणं हे दिसतंय, इथवर गोष्ट छान जुळते. पण २००९ मध्ये त्सुचियाने तिलाच झटपट काम दिलं, भेदरलेले चेहरे पटकन हुडकायचे, आणि ती ते इतरांसारखंच करत होती. अमिग्डाला नाही तरी. भेदरलेल्या चेहऱ्याचा पहिला झटका दुसऱ्या कुठल्या वाटेनेही पोचतो म्हणायचं. पेसोआ आणि अॅडॉल्फ्स यांनी २०१० मध्ये हेच मांडलं की एक आडवाट कशाला धरून बसता, अशा बऱ्याच वाटा एकाच वेळी चालू असतात. मला हे पटतं, फक्त याचा छान व्हिडिओ होत नाही.

पेसोआचाच २००२ चा एक प्रयोग चौकीदाराच्या गोष्टीला चांगलाच धक्का देतो. मध्ये चेहरा, पण माणसाला काम दिलं बाजूच्या रेघांच्या दिशा जुळवायचं, आणि ते काम इतकं अवघड की सगळं लक्ष त्यातच संपतं. तेव्हा भेदरलेल्या चेहऱ्याला अमिग्डालाने दिलेला प्रतिसाद गायब. चेहरा चांगला डोळ्यासमोर होता, लपवलेला नव्हता, तरी. म्हणजे हा चौकीदार सुद्धा मालकाच्या खिशातूनच पगार घेतो, खिसा रिकामा असेल तर तोही काम करत नाही. आता व्ह्युईलेमिए वगैरेंचे उलटे रिझल्ट आहेत, त्यांच्या २००१ च्या प्रयोगात लक्ष दुसरीकडे असतानाही अमिग्डाला चालला. बराचसा फरक काम किती अवघड होतं यात आहे असं बहुतेकांचं म्हणणं आहे.

आता त्या दोन शब्दांकडे येऊ. दिसलाच नाही. कोणाला दिसला नाही, आणि कोणी ठरवलं?

माणसाला "काही दिसलं का" विचारलं की खात्री नसेल तर तो नाही म्हणतो. लाजतो, चुकायला घाबरतो. मी स्वतः शेकडो लोकांना हे विचारलंय, "नाही हो, काही नाही" म्हणतात, आणि मग त्यांनाच म्हटलं की बरं, अंदाजाने सांगा, भेदरलेला होता की नव्हता, तर शंभरात सत्तर वेळा बरोबर. हा न दिसण्याचा प्रकार नाही, हा कबूल न करण्याचा प्रकार आहे. पेसोआ, जापी आणि अंगरलायडर यांनी २००५ मध्ये हे नीट मोजलं आणि निघालं की ३३ मिलिसेकंदांचा मास्क केलेला भेदरलेला चेहरा बऱ्याच लोकांना ओळखता येतो, थोड्यांना तर १७ चा सुद्धा. म्हणजे ज्या आकड्याला सगळे वर्षानुवर्षं "नकळत" म्हणत होते तो काहींसाठी चांगलाच कळत होता.

यावर लोकांनी उपाय काढला की शेवटी चाचणी घ्यायची, ज्यांना ओळखता येतं त्यांना वगळायचं, उरलेल्यांचा रिझल्ट छापायचा. ऐकायला रास्त वाटतं पण यात एक लबाड खड्डा आहे, डेव्हिड शँक्स यांनी २०१७ मध्ये तो उघडा केला. समजा चाचणी चाळीसच प्रश्नांची आहे. ज्याला थोडंफार दिसतं असा माणूसही नशीब वाईट असलं की वीसच बरोबर देईल आणि "याला काही दिसत नाही" या गटात जाऊन बसेल. तुम्ही दुर्दैवी लोक निवडले, आंधळे नाही. मग त्यांच्यात लक्ष सरकलेलं दिसणारच, कारण त्यांना थोडं दिसत होतं. मी असे पेपर रिव्ह्यूला आले की आधी चाचणीत प्रश्न किती होते ते बघतो, वीस-तीस असतील तर पुढचं वाचताना हात आखडता घेतो.

हे सगळं एकत्र बघायचं काम हेजर, ग्रे, गार्नर आणि अॅडम्स यांनी २०१६ मध्ये केलं, तीन पद्धती आणि एकूण २६९६ लोक. मास्क केलेल्या डॉट प्रोबमध्ये परिणाम सापडला पण लहान. चौकोन फोडून बाहेर येण्याच्या पद्धतीत रिझल्ट एकमेकांशी अजिबात जुळत नव्हते. तिन्ही पद्धतींत नीट टिकलेली एकच गोष्ट म्हणजे भेदरलेले चेहरे. आणि निष्कर्ष असा की खरोखर नकळत, भाव ओळखून लक्ष वळतं याचा वागण्यातून मिळालेला पुरावा सध्या कच्चा आहे. मी सुरुवातीला जे मत दिलं ते बरंचसं इथूनच आलंय, उरलेलं फोटोडायोडने शिकवलं.

एन्झायटीचं विचारलंय तर त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एक करून टाकतात. एक, गट म्हणून बघितलं तर जास्त चिंता करणाऱ्यांमध्ये ही ओढ जास्त असते का? थोडी, आणि सगळ्या परिस्थितीत नाही. एटकिन आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या कामात स्वभावतः जास्त चिंता करणाऱ्यांचा अमिग्डाला मास्क केलेल्या भेदरलेल्या चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देत होता, हेजरच्या गोळाबेरजेतही एन्झायटीचा फरक दिसला पण ठरावीक मांडणीतच. दोन, तुमची एकट्याची ओढ मोजून तुम्हाला एन्झायटी आहे का सांगता येईल का? नाही. श्मुकले यांनी २००५ मध्ये दाखवलं की त्याच माणसाची डॉट प्रोब पुन्हा घेतली तर आकडा आधीच्या आकड्याशी जवळपास जुळतच नाही. आज म्हणेल धमकीकडे धावतो, पुढच्या आठवड्यात म्हणेल पळतो. कारण सरळ आहे, आपण पाच-दहा-पंधरा मिलिसेकंदांचा फरक शोधतोय आणि माणसाचं बोट एका ट्रायलपासून दुसऱ्या ट्रायलपर्यंत शंभर मिलिसेकंद सहज मागेपुढे होतं. शेकडो लोकांची सरासरी काढली की तो बारीक फरक वर येतो, एका माणसात तो गोंगाटात बुडतो. त्यामुळे फोनवर चेहरे दाखवून "तुमची नकळत चिंता किती" सांगणारी टेस्ट कोणी देत असेल तर तो वेळ झोपण्यात घालवा, एन्झायटीला त्याचा जास्त उपयोग होईल.

आणि व्हिडिओतल्या वाक्याचं. "मेंदूला आधीच सगळं कळतं" यातला "सगळं" काढून टाका आणि "कळतं" बदला, मग चालेल. मेंदेस-बेर्तोलो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ज्यांच्या मेंदूत उपचारासाठी इलेक्ट्रोड बसवलेले होते अशा रुग्णांच्या अमिग्डालामध्ये थेट मोजलं आणि भेदरलेल्या चेहऱ्याला प्रतिसाद साधारण ७४ मिलिसेकंदांत सुरू झाला, तोही चेहऱ्याच्या धूसर, बारकावे नसलेल्या चित्राला. हे वेगवान आहे यात शंका नाही. पण ७४ मिलिसेकंदांत त्याला काय "कळलं"? हा कोण, का घाबरलाय, कशाला घाबरलाय, काही नाही. इतकंच की तिकडे काहीतरी आहे. आणि हो, ते रुग्ण तो चेहरा बघत होते, लपवलेला नव्हता, हे वाक्य व्हिडिओवाले हमखास गाळतात.

त्याच पठडीत ती सिनेमा हॉलमधल्या छुप्या जाहिरातीची गोष्टही लोक मला हटकून विचारतात, क्षणभर "पॉपकॉर्न खा" चमकवलं आणि विक्री वाढली. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी यांनी तसा दावा केला होता आणि नंतर स्वतःच मान्य केलं की त्याच्यामागे दम नव्हता. बारीक ओढ लक्ष जरासं बाजूला सरकवू शकते, माणसाला खुर्चीतून उठवून रांगेत उभं करू शकत नाही.

प्रश्नात शेवटी होतं की प्रोजेक्ट म्हणून घरच्या लॅपटॉपवर हे करून बघता येईल का. येईल, पण आधी मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने, निदान २४० फ्रेमवाल्या, स्क्रीनचं शूटिंग करा आणि चेहरा खरंच किती फ्रेम राहतो ते मोजा, दहा-वीस वेळा नाही, दोनशे वेळा. फोटोडायोडएवढं नेमकं नाही पण सुटलेली फ्रेम पकडते. निर्विकार विरुद्ध भेदरलेले यांच्यासोबत तेच चेहरे उलटे करूनही दाखवा. आणि दिसलं का हा प्रश्न शेवटी चाळीस वेळा विचारू नका, प्रत्येक ट्रायलला विचारा, ठिपक्याची कळ दाबून झाली की लगेच, डावीकडे होता का उजवीकडे, आणि अंदाजाने का होईना उत्तर द्यायचंच. लोक वैतागतात, दुप्पट वेळ लागतो, रिझल्ट निम्मा होतो. जो निम्मा उरतो तो घेऊन या, मग पुढचं बोलू.